जामसावळीच्या वाटेवर चाळीस वर्षांची फियाट

आपल्या मंडळात ज्यांचं मूळ गाव सौंसर, पांढुर्णा किंवा छिंदवाड्याच्या बाजूला आहे, त्यांना जामसांवलीबद्दल वेगळं सांगायला नको. पाटीवर आणि हिंदी वर्तमानपत्रांत 'जामसांवली' लिहितात. आमच्या घरात सगळे 'जामसावळी' म्हणतात. जाम नदीच्या काठचं गाव, पिंपळाखाली आडवा पहुडलेला मारुती आणि आजूबाजूला संत्र्याच्या बागा. भोपाळहून अंतर साधारण तीनशे किलोमीटर. आजच्या गाड्यांना ते पाच-सहा तासांचं काम आहे. आम्ही मात्र यंदा फेब्रुवारीत हा प्रवास बाबांच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीतून केला आणि त्याची तयारी चार रविवार चालली. मंडळातल्या दोन-तीन मुलांनी "गाडी घरीच कशी तयार केलीत?" असं विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गाडी कुठली, आणि हीच का?

तरुण वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. इटलीच्या फियाटची ११०० ही छोटी मोटार पुढे त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. १९७४ पासून तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं, पण लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चार गिअर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी डोळ्यांसमोर येते, ती हीच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली.

बाबांनी ही गाडी एप्रिल १९८६ मध्ये घेतली. ते 'भेल'मध्ये नोकरीला होते आणि तेव्हा गाडीसाठी नंबर लावून थांबावं लागे. नोंदणी पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण: २००१, २००६, २०११, २०१६, २०२१. आता एप्रिल २०२६ ला मुदत संपते. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये दहा हजार रुपये झालं. वर तपासणी आलीच. 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद करायची तर गाडी पन्नास वर्षांची लागते, आमची चाळीसची. थोडक्यात, ती ना तरुण, ना सन्मानाने म्हातारी.

पुण्याहून दादाचा फोन आला, "ताई, आता विकून टाका. हौशी लोक चांगले पैसे देतात." त्याचं चूक नव्हतं. बाबा ७९ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आहे. गेल्या वर्षभरात फियाट कॉलनीच्या बाहेर फक्त पेट्रोल भरायला गेली होती.

बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "विकायची असेल तर विका. पण आधी एकदा जामसावळीला जाऊन येऊ. गाडी तू चालव. तयारी आपण घरी करू."

तयारीचा पहिला रविवार: फक्त बघायचं

बाबांचा पहिला नियम असा की पहिल्या दिवशी पाना हातात घ्यायचा नाही. वही घ्यायची. त्यांचा हात थरथरतो, म्हणून वही माझ्या मुलीकडे आली. ती अकरावीत आहे. बाबा खुर्चीत बसून सांगायचे, मी गाडीखाली किंवा बॉनेटमध्ये, आणि ती लिहायची.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आम्ही गाडी जॅकने उचलून दोन भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवली, बाकीच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या, आणि मग धक्का देऊन ती हलत नाही ना, ते पाहिलं. हे करायला दहा मिनिटं लागतात. घाई असेल तर त्या दिवशी गाडीखाली जायचंच नाही.

वहीत पहिल्या पानावर रबराची यादी झाली. जुन्या गाडीत लोखंड टिकतं, रबर टिकत नाही. रेडिएटरचे वरचे-खालचे पाइप, फॅनबेल्ट, पेट्रोलचा पाइप, ब्रेकचे लवचीक पाइप, पेट्रोल पंपातला पडदा. पाइप बोटांनी दाबून वाकवायचा; भेगा दिसल्या, चिकट लागला किंवा फुगलेला वाटला की बदलायचा.

पेट्रोलच्या पाइपांकडे आता जास्तच लक्ष द्यावं लागतं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं. १९८६ च्या गाडीचं रबर त्या हिशेबाने बनवलेलं नव्हतं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं किंवा कडक होऊन तडकतं, शिवाय ते हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवली की टाकीत पाणी आणि गंज यांची सोय होते. आम्ही इथेनॉल चालणारे नवे पाइप घेतले, पंपाचा पडदा बदलला, टाकी रिकामी करून गाळणी साफ केली. पेट्रोलचं काम अंगणात, उघड्यावर आणि बॅटरीची तार काढून केलं. आईने त्या दिवशी तुळशीपुढचा दिवासुद्धा संध्याकाळी उशिरा लावला.

दुसरा रविवार: ठिणगी आणि तेल

आजच्या गाडीत ठिणगी कधी पाडायची ते संगणक ठरवतो. फियाटमध्ये ते काम डिस्ट्रिब्युटर करतो. आत छोटे पॉइंट असतात. ते उघडले की कॉइलमधून जोराचा दाब निघतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंट झिजले, काळे पडले किंवा त्यांच्यातली फट बदलली की गाडी सकाळी उठत नाही, चढावर दम टाकते आणि पेट्रोल पिते. ही फट अर्ध्या मिलीमीटरपेक्षा थोडी कमी असते. ती पातळ पोलादी पट्ट्यांच्या फीलर गेजने मोजायची. पट्टी घासत गेली पाहिजे, अडकता कामा नये आणि सैलही सुटता कामा नये.

बाबांनी ही फट चाळीस वर्षं स्वतः लावली आहे. त्यांनी एकदा पट्टी हातात घेतली, आत नेऊन पाहिली आणि मुलीकडे दिली. "माझा हात हलतोय, तेव्हा मला फट मोठी वाटेल की लहान, हे मलाच कळणार नाही. तू कर." पुढचा अर्धा तास ते फक्त विचारत होते, "घासतेय? किती घासतेय? वहीच्या पानातून कागद ओढल्यासारखं की सुरीला लोणी लागल्यासारखं?" शेवटी ती म्हणाली, "आजोबा, पत्त्यांच्या कॅटमधून पत्ता ओढल्यासारखं." ते म्हणाले, "बस. तेवढंच."

मग प्लग. चारही प्लग काढून क्रमाने वर्तमानपत्रावर ठेवायचे, म्हणजे कुठला कुठल्या सिलिंडरचा ते कळतं. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग असला की सिलिंडर खूष. काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. काळा आणि तेलकट असेल तर इंजिनचं तेल वर येतंय. अगदी पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी आणि गरमी जास्त. आमचे तीन बिस्किटं निघाले, चौथा थोडा काळा. कार्बुरेटर साफ करून हवेचा स्क्रू जरा फिरवल्यावर तोही सुधारला. तारा परत लावताना क्रम चुकवायचा नाही: १-३-४-२. हा क्रम मुलीने मोबाइलचा पासवर्ड करून टाकला होता. इथे लिहायचं ठरलं तेव्हा बदलला.

इंजिनचं तेल काढताना इंजिन थोडं गरम असावं, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट उतरतं. पण चटका बसेल इतकं गरम नको. खालचा नट काढा, तेल परातीत घ्या, पूर्ण ठिबकू द्या. नटाचं वॉशर नवं घाला. नवं तेल डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ. जास्त भरणंही वाईट. आणि जुनं तेल नालीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, ते गोळा करणाऱ्याकडे जातं.

तिसरा रविवार: ब्रेक आणि ग्रीस

या रविवारी आई अंगणात खुर्ची टाकून बसली. तिचं म्हणणं एवढंच, "बाकी काही होवो न होवो, थांबली पाहिजे."

फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकरीने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाणं फार वाईट. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरपाशी ओल दिसली. म्हणजे तिथून ब्रेकचं तेल पाझरत होतं.

इथे घरकामाची हद्द संपते. ब्रेकचे सिलिंडर आम्ही ओळखीच्या वयस्कर मिस्त्रींकडून बदलून घेतले, चारही चाकांचे. फियाटवर हात बसलेले मिस्त्री आता प्रत्येक शहरात थोडेच उरले आहेत. तुमच्या शहरात कुणी असतील तर त्यांचा पत्ता जपून ठेवा. तेल, प्लग, पॉइंट, ग्रीस, बेल्ट, बल्ब घरी करावं. ब्रेकची दुरुस्ती, स्टिअरिंगचे सांधे आणि चाकांचं अलाइनमेंट जाणकाराच्या हातूनच करावं.

ब्रेकमधली हवा काढण्याचं काम मात्र पुन्हा घरी केलं, कारण त्याला दोन माणसं आणि धीर एवढंच लागतं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, सगळ्यात जवळचं शेवटी. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा स्क्रू किंचित उघडायचा, बुडबुडे आणि तेल बाटलीत येऊ द्यायचे, स्क्रू बंद, मगच पेडल सोडायचं. आमच्या अंगणात त्या दिवशी तासभर "दाब... धर... सोड" चाललं होतं. शेजारच्या काकूंना वाटलं, बाबांची फिजिओथेरपी चालली आहे.

ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलावं, हे नव्या गाड्यांनाही लागू आहे. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ लागतं. सपाटीवर महिनोन्महिने बरा वाटणारा ब्रेक घाटातच दगा देतो, त्याचं हे एक कारण.

शेवटी ग्रीस. पुढच्या चाकांच्या किंगपिनला आणि सांध्यांना छोटे निप्पल असतात. त्यावर ग्रीसगन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबायचं. हे झाल्यावर स्टिअरिंग इतकं हलकं झालं की दुसऱ्या दिवशी मी उगीचच कॉलनीला दोन फेऱ्या मारल्या.

चौथा रविवार: भोजपूरची चाचणी

दुरुस्तीनंतर थेट लांब जायचं नाही. आधी छोटी फेरी. आम्ही भोजपूरला गेलो, महादेवाचं दर्शन घेतलं, परत आलो. साठेक किलोमीटर होतात. घरी आल्यावर चाकांचे नट पुन्हा घट्ट केले, गाडीखाली रात्रभर पुठ्ठा घालून ठेवला. सकाळी त्यावर तेलाचा एक थेंब. बाबा म्हणाले, "एक चालेल. फियाट आहे, तिला ओळख ठेवायची सवय आहे."

डिकीत जे ठेवलं त्याची यादी: फॅनबेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर, दोन प्लग, फ्यूज आणि बल्ब, इंजिन तेलाचा डबा, पाच लिटर पाणी, पान्यांची पिशवी, टॉर्च, तार, चिकटपट्टी, टायरची हवा तपासलेली स्टेपनी, जॅक, लाल त्रिकोण आणि दोन जुनी सुती फडकी. कागदांत नोंदणी, विमा आणि पीयूसी.

रस्ता

पहाटे साडेपाचला निघालो. आई आणि मुलगी मागे, बाबा माझ्या शेजारी. वेग पंचावन्न ते साठ. ओबेदुल्लागंजच्या पुढे भीमबेटकाची पाटी येते. ही चित्रांची गुहागावं १९५७ च्या सुमारास जगापुढे आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर मराठी होते, हे मुलांना ठाऊक असावं. रेल्वेने जाताना खिडकीतून हे खडक त्यांच्या नजरेत भरले, अशी गोष्ट सांगतात. साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतूनही खडक छान दिसतात. शंभरच्या वेगात पाटीसुद्धा दिसत नाही.

नर्मदापुरमला, म्हणजे जुन्या होशंगाबादला, नर्मदेवर थांबलो. रेडिएटर, तेल, टायर बघितले. इटारसी मागे पडली की सातपुडा सुरू होतो. साग, मोह, मधूनच पळसाचा पेटलेला केशरी. इथे बाबा बोलू लागले.

आजोबांचं गाव सौंसर तहसिलीतलं. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती आणि ते तिथे सचिवालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि राजधानी भोपाळला आली. सचिवालयाबरोबर कारकुनांची बिऱ्हाडंही आली. आपल्या मंडळातली बरीच जुनी कुटुंबं अशीच इथे पोहोचली आहेत. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते. "इटारसीला गाडी बदलली तेव्हा आई रडली," ते म्हणाले. "तिला वाटलं, आता पुढे मराठी संपली." हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. एरवी आम्ही चार तासांत बैतूल गाठतो, एसी लावून, आणि मागच्या सीटवर सगळे झोपलेले असतात.

बैतूलच्या अलीकडे बरेठा घाट. ऊन चढलं होतं. अर्ध्या चढावर गाडीने आचके द्यायला सुरुवात केली आणि एका वळणाच्या पुढे, रुंद जागा बघून मी ती कडेला घेतली. तापमानाचा काटा ठीक होता. बाबांनी बॉनेट उघडायला सांगितलं. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. इंजिन तापलं, वेग कमी, वारा कमी, की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ढकलत बसतो. त्यावर जुन्या फियाटवाल्यांचा एकच उपाय: सुती फडकं पाण्यात भिजवून पंपाभोवती गुंडाळायचं. मुलीने फडकं भिजवलं. बाबांनी ते गुंडाळलं. त्यांच्या थरथरत्या हाताला हे काम जमत होतं, कारण इथे अर्ध्या मिलीमीटरची फट नव्हती. पंधरा मिनिटांत गाडी सुरू झाली. डिकीत दोन फडकी का, ते तेव्हा कळलं: एक वाळतं तोवर दुसरं.

उतारावर बाबांचा जुना मंत्र, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्या, ब्रेक थंड राहतात.

मुलताईपासून भाषा बदलते

मुलताई म्हणजे मूळतापी. गावातल्या तलावाला तापीचा उगम मानतात. तापी इथून पश्चिमेला सुरतेकडे जाते. याच मुलताईच्या परिसरातल्या डोंगरांत वर्धा नदीही उगवते, आणि तिचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं. शेजारी जन्मलेल्या दोन नद्या दोन समुद्रांना. मुलीने लगेच विचारलं, "मग जाम नदी?" जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, म्हणजे तीही पूर्वेकडची.

मुलताई सोडली की चहाच्या टपरीवर हिंदीत 'व', 'ना बापा', 'कायले' मिसळायला लागतात. पांढुर्ण्यापर्यंत ती सरळ मराठीच होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे हे गाव बातम्यांत येतं; दगडांनी माणसं जखमी होतात, दगावतातही, आणि दर वर्षी ती थांबवण्याची चर्चा होते. बाकीचे दिवस हे संत्र्याचं आणि कापसाचं कष्टाळू गाव आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळं होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर या त्याच्या तहसिली. इटारसीला रडलेल्या माझ्या आजीला कुणी हे सांगायला हवं होतं, की मध्य प्रदेशात मराठी बोलणारा असा एक जिल्हा होईल.

फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री रस्त्याच्या कडेला ढिगाने असतात. पिशवीभर घेतली, आणि फियाटच्या मागच्या काचेपाशी ओळीने मांडून ठेवली.

पिंपळाखालचा मारुती

पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाताना, सौंसरच्या अलीकडे जामसांवली. देवळाकडे वळल्यावर मोठं बांधकाम दिसतं. 'हनुमान लोक' नावाच्या प्रकल्पाचं भूमिपूजन २०२३ मध्ये झालं. बाबांच्या आठवणीतलं देऊळ म्हणजे पिंपळ, ओटा आणि नारळाची चार दुकानं. ते थोडा वेळ दिशाच शोधत होते. पिंपळ दिसला तेव्हा म्हणाले, "हां. हा तोच."

इथला मारुती उभा नाही, आडवा पहुडलेला आहे. गावकरी दोन गोष्टी सांगतात. एक, मूर्ती आधी उभी होती. खाली धन आहे म्हणून चोर ती हलवायला आले, तेव्हा मारुती आडवा झाला आणि कुणालाच हलेना. दुसरी, संजीवनी आणताना त्याने इथे पिंपळाखाली विसावा घेतला. मूर्तीच्या नाभीतून येणारं पाणी तीर्थ म्हणून देतात. त्या तीर्थासाठी लोक आजारी माणसांना घेऊन येतात, काही कुटुंबं मुक्कामाला राहतात. विशेषतः मनाच्या आजारांनी त्रासलेली माणसं इथे दिसतात, आणि त्यांच्याबरोबर थकलेल्या आया, बायका, भाऊ. आमच्या शेजारी एक बाई आपल्या तरुण मुलाचा हात धरून बसली होती. तिच्या पिशवीतून औषधांची पाकिटं डोकावत होती. तीर्थ आणि गोळ्या दोन्ही. आमच्या आईचंही तेच आहे.

आईने रुईच्या पानांची माळ, तेल आणि शेंदूर वाहिला. परत येताना मी विचारलं, काय मागितलंस? "डोस वाढू नये," ती म्हणाली. "बरं कर म्हणून नाही मागितलं. आहे तेवढ्यात राहू दे."

बाबा ओट्याच्या कडेला बसून होते. मी त्यांच्याजवळ जाऊन दादाचा विषय काढला. एप्रिल येत होता, ठरवायला हवं होतं. ते म्हणाले, "तू चालवणार असशील तर ठेव. पोरगी पॉइंट लावणार असेल तर ठेव. नुसती कव्हर घालून ठेवायची असेल तर दादा म्हणतो तसं करा. उभी गाडी लवकर मरते."

तिथून आम्ही सौंसरला आत्याकडे गेलो. ८४ वर्षांची आत्या दारात उभी होती. गाडी थांबायच्या आधीच ओरडली, "अव बाई! तेच गाडी हाय का व? म्या तं समजली का मोडीत गेली असन!" रात्री गोळाभात आणि कढी झाली. सकाळी आत्याला गाडीत बसवून मोहगावच्या रस्त्याने एक चक्कर मारली. ती पूर्ण वेळ डॅशबोर्डवर हात ठेवून बसली होती, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.

परतीच्या प्रवासात फडक्याची गरज लागली नाही. घाट सकाळी लवकर पार केला. एकूण साडेसहाशे किलोमीटर, लिटरला साधारण तेरा किलोमीटर. पुठ्ठ्यावर पुन्हा एकच थेंब.

मार्चमध्ये नूतनीकरणाची तपासणी आहे. शुल्क आम्ही तिघांनी वाटून भरलं: मी, दादा आणि दहा हजारांतले शेवटचे पाचशे मुलीने तिच्या वाढदिवसाच्या पैशांतून. दादाने पैसे पाठवताना एवढंच लिहिलं, "दिवाळीला आलो की मला एकदा चालवायला द्या."

जाणार असाल तर

भोपाळहून बैतूल, मुलताई, पांढुर्णामार्गे या. नागपूरहून सावनेर, सौंसरमार्गे. नागपूरकडून अंतर जेमतेम सत्तर किलोमीटर पडतं. सावनेरला राम गणेश गडकरींचं २३ जानेवारी १९१९ ला निधन झालं. वाटेत थांबून मुलांना तेवढं सांगा. मंगळवारी, शनिवारी आणि हनुमान जयंतीला फार गर्दी असते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर बुधवार-गुरुवार बरा. उन्हाळ्यात घाट दहाच्या आत पार करा. गाडी नवी असली तरी टायर, स्टेपनी, ब्रेकचं तेल आणि कूलंट घरच्या घरी बघून निघा. वीस मिनिटं लागतात, आणि घरातलं एखादं मूल वही घेऊन शेजारी बसलं तर पुढच्या वेळी तेच बघेल. चाळीस वर्षांची गाडी असेल तर सुती फडकी दोन घ्या.